दूध हुंगणारे चाचा

सहा वर्षं मी कच्चा कांदा खाल्ला नाही, आणि तेही कोल्हापुरात राहून. लसूण फक्त रविवारी दुपारी चालायचा, कारण सोमवारी मला सुट्टी असायची. घरात तांबडा रस्सा झाला की मी दहीभाताचं ताट घेऊन बाजूला बसायचे. नातेवाइकांना वाटायचं, हिनं कुणाची तरी दीक्षा घेतली. सासूबाई स्पष्टवक्त्या होत्या. "डेअरीत नोकरीला जातीस की मठात?" असं त्या चार माणसांत विचारायच्या. मी काय सांगणार? एका पन्नाशीच्या माणसाच्या नाकाला त्रास होतो म्हणून मी कांदा सोडलाय, असं सांगितलं असतं तर त्यांनी माझी नोकरीच सोडवली असती.

त्या माणसाला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. शहराबाहेरच्या आमच्या दूध डेअरीत ते धक्क्यावर होते. धक्का म्हणजे गावोगावच्या दूधसंस्थांचे ट्रक जिथं येऊन लागत, तो उंच ओटा. कॅन उतरले की चाचा एकेकाचं झाकण उघडायचे, नाकाशी न्यायचे आणि पापणी लवायच्या आत ठरवायचे, टाकीत की बाजूला. बाजूला काढलेल्या कॅनची तपासणी आम्ही प्रयोगशाळेत करायचो आणि चाचा बहुतेक वेळा बरोबर निघायचे. एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर सगळी टाकी नासते, आणि ती टाकी म्हणजे अर्ध्या शहराचा चहा आणि लेकरांच्या बाटल्या. त्यामुळे चाचांचा शब्द व्यवस्थापकसाहेबसुद्धा खाली पडू द्यायचे नाहीत. शिवाय घराणं अत्तरवाल्यांचं. रविवार पेठेत थोरल्या भावाचं अत्तराचं दुकान होतं. चाचांचं नाक आईच्या पोटातून शिकून आलंय, असं हमालसुद्धा सांगायचे.

मी बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत लागले ते ऐंशी सालाच्या आसपास. महिना झाला नसेल, तोच चाचांनी व्यवस्थापकांकडे हट्ट धरला की धक्क्यावर प्रयोगशाळेचं एक माणूस रोज शेजारी पाहिजे. प्रयोगशाळेत सगळ्यांत नवी मी. म्हणजे सकाळी सहा वाजता, ओल्या फरशीवर, ट्रकच्या धुरात उभं राहायला मीच. तिथून माझ्या आयुष्यात चाचांचे कायदे सुरू झाले.

कांदा-लसूण बंद हा पहिला कायदा. वासाचा साबण बंद. पावडर बंद. केसांना तेल लावायचं तर आदल्या दिवशी दुपारी, तेही साधं खोबरेल. गजरा तर नावच काढू नये. लग्न होऊन वर्ष झालेली बाई मी, आणि सणासुदीला केसांत फूल नाही म्हणून शेजारणी काळजीनं विचारायच्या, सगळं बरं आहे ना घरी. हमालांना तंबाखू मळायला धक्क्याच्या पार टोकाला जावं लागे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची. चाचांनी स्वतः झेंडूची माळ आणली, नारळ फोडू दिला, पण उदबत्ती पेटताना बघितली आणि पुजाऱ्याच्या हातातून काढून घेतली. "हितं न्हाय. तिकडं बॉयलराम्होरं लावा. देव समदीकडं हाय, दूध हितंच हाय." पुजारी त्या वर्षी दक्षिणा न घेताच गेला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण चाचांच्या आणखी दोन सवयी होत्या आणि त्यांपायी माझं डोकं उठायचं.

एक म्हणजे गप्पा. बाहेर पाच ट्रक खोळंबलेले, ऊन चढतंय, दूध तापतंय, आणि हे गृहस्थ ड्रायव्हरला च्या पाजत उभे. "काय पावणं, गावाकडं काय इशेष? वाटंत कुठं थांबलासा? थोरल्या पोरीचं जमलं का?" एकदा गारगोटीकडचा ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, तिथल्या दूधसंस्थेच्या सेक्रेटरीची आई वारली. झालं. माती कधी झाली, किती माणूस होतं, मुंबईचा पोरगा पोचला का, दिवसांचं जेवण कुणाकडं. मी घड्याळाकडे बघत पाय आपटत होते. शेवटी म्हणाले, "चाचा, मयताला जायचंय का दूध घ्यायचंय?" ते शांतपणे म्हणाले, "बाई, दूध खोटं बोलत न्हाय, पर त्ये काय बोलतंय त्ये मान्सालाच इचाराय लागतंय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागायचं.

दुसरी सवय मला सांगायलाही अवघड वाटायची. झाकण उघडताना चाचा माझ्या तोंडाकडे बघायचे. कॅनकडे नाही, माझ्या तोंडाकडे. "हितं उभ्या ऱ्हावा. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. बोलू नगा." मग झाकण उचलायचे, आधी माझ्यापुढून फिरवायचे, मग स्वतःच्या नाकाशी न्यायचे, आणि डोळे सगळा वेळ माझ्यावर. पहिल्या महिन्यात मी व्यवस्थापकांकडे तक्रार केली. ते हसले. म्हणाले, "अहो, वडिलांच्या वयाचे आहेत. तुम्हाला शिकवतायत ते." मीही तसंच धरून चालले. कधी कधी झाकण पुढे करून विचारायचे, "काय म्हणता बाई?" मी वैतागून म्हणायचे, "आंबट. कळत नाही का?" ते मान डोलवायचे. "बराबर. शिकलासा की." मनातल्या मनात मी म्हणायचे, ज्याला येतं त्यानं करावं, माझी रोज परीक्षा कशाला?

मग पुण्याचे एक इंजिनिअर आले.

तरुण होते, सडपातळ, बोलणं स्वच्छ. व्यवस्थापकांच्या खोलीत त्यांनी आम्हाला सांगितलं की आता असे कॉम्प्युटर निघाले आहेत, ज्यांना एखाद्या जाणकाराची बुद्धी शिकवता येते. जाणकार कुठल्या वेळी काय ठरवतो आणि का ठरवतो, हे नियमांत लिहून काढायचं, की यंत्र त्याच्यासारखंच ठरवू लागतं. "चाचा एक दिवस निवृत्त होतील. त्यांचं ज्ञान इथंच राहील," ते म्हणाले. व्यवस्थापकांनी झाकून काही ठेवलं नाही. यंत्र जमलं तर चाचांना धक्क्यावरून काढून दुसरीकडे घालणार. आणि यंत्राला शिकवण्याची वही नीट भरली तर प्रयोगशाळाप्रमुखाची जागा मला. आमच्या डेअरीत तोवर त्या खुर्चीत बाई बसलेली नव्हती.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि इंजिनिअरना विचारलं, "मशिनीला नाक कुठं असतंय?" इंजिनिअर म्हणाले, "नाक नाही, चाचा. डोकं." चाचा म्हणाले, "बरं. डोकं तर डोकं."

महिनाभर मी वही घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. गावाचं नाव, ट्रकची वेळ, निर्णय, कारण. पहिले तीन रकाने भरायचे. चौथा आला की माझी साडेसाती सुरू.

"का काढला बाजूला?"

"वास."

"कसला वास? आंबट, कडू, गोठ्याचा, औषधाचा?"

"वंगाळ."

"चाचा, यंत्राला वंगाळ कळत नाही."

"मग कसलं डोकं त्येचं?"

पानंच्या पानं वंगाळ. इंजिनिअर पंधरा दिवसांनी येऊन वही चाळायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच आळस केला. हातातोंडाशी आलेली जागा हा माणूस मुद्दाम घालवतोय, अशी माझी खात्री झाली. घरी मी चाचांच्या नावानं इतकी बोटं मोडायचे की सासूबाई पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलू लागल्या.

त्या वर्षी रमजान ईदला चाचांनी डेअरीतल्या आम्हा चौघांना घरी बोलावलं. मी चिडलेलीच होते, पण ईदला नाही कसं म्हणणार? घर पाहुण्यांनी भरलं होतं. चाची बाहेर बायकांना बसवत होत्या. त्यांनी मला आत पिटाळलं. "जा बेटी, चुलीपाशी चाचा बसल्यात दूध राखत. शीरखुर्म्याचं हाय. बघ झालं का." मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि जागीच थांबले. दूध करपलं होतं. वरून दिसत काही नव्हतं, चांगली जाड साय होती, पण खाली पार जळलं होतं आणि खोलीभर वास कोंडला होता. आणि चुलीपासून दोन हातांवर, पाटावर, चाचा निवांत पिस्ते कापत बसले होते.

मी पळत जाऊन पातेलं उतरवलं. "चाचा, दूध करपलं."

त्यांनी पातेल्याकडे बघितलं. मग, नेहमीसारखं, माझ्या तोंडाकडे बघितलं. "व्हय?" ते म्हणाले. ते खरोखरच विचारत होते.

मी पातेल्याच्या अलीकडे, त्यांच्यासमोर खाली बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमी नोकरीला आलासा, त्येच्या आदल्या पावसाळ्यात ताप आल्ता. तापातनं उठलो, तर चाचीचा च्या गरम पाण्यागत. भावानं दुकानातली कुपी नाकाम्होरं धरली, 'नवा माल हाय, कसा वाटतोय?' म्हनला. 'झकास' म्हनलो. कुपी रिकामी हुती." त्यांनी कापलेले पिस्ते बाजूला सारले. "भावाला कळलं. पर त्यो आजवर कुणाला बोलला न्हाय. चाचीला बी न्हाय."

"मग सहा वर्षं तुम्ही काय हुंगत होता?"

मग त्यांनी सांगितलं. सेक्रेटरीच्या घरी मयत झालं, की गाव स्मशानात जातं, संध्याकाळचं दूध तसंच राहतं, कॅन कुणी धुत नाही. जोतिबाची यात्रा असली, की त्या रस्त्याच्या गाड्या गर्दीत दोन-दोन तास उन्हात उभ्या राहतात. लग्न असलं की चांगलं दूध मांडवात जातं आणि उरलंसुरलं कॅनमध्ये. वाटेत कुठं रेंगाळलेला ड्रायव्हर नजर देत नाही. हे सगळं ते च्या पाजता पाजता काढून घ्यायचे आणि कुठल्या गावाचा कॅन संशयाचा हे झाकण उघडायच्या आत त्यांना ठाऊक असायचं.

"आनि खात्रीला तुमी हुतासा," ते म्हणाले. "झाकान उचललं की तुमचं तोंड सांगायचं. तुमाला बी कळायच्या आदी. सोमवारी तुमी नसायचा, तवा संशेवाचं समदं बाजूला काढायचो."

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. "म्हणजे माझा कांदा..."

"तुमच्याच नाकासाठनं. माझ्या नाकाला कांदा काय आनि अत्तर काय."

मला इतका संताप आला की ईदचा दिवस नसता तर मी ते पातेलं तिथंच उपडं केलं असतं. सहा वर्षांचा रस्सा, सहा वर्षांचे गजरे, शेजारणींच्या चौकशा. आणि त्या संतापातच मला हेही जाणवलं की गेली सहा वर्षं या माणसानं एकही खराब कॅन टाकीत जाऊ दिला नव्हता. निम्मं काम त्यांचं होतं आणि निम्मं माझं, आणि मला माझ्या निम्म्याची खबरच नव्हती. आम्ही करपलेलं दूध मोरीत ओतलं. चाचीला मी सांगितलं, माझ्याच हातून लागलं. चाची बिचाऱ्या म्हणाल्या, असू दे बेटी, दुसरं आणू.

दुसऱ्या दिवसापासून मी चौथ्या रकान्यात खरी कारणं लिहू लागले. मयत. यात्रा. मांडव. पूल बंद. नाकाबद्दल मी लिहिलं नाही. त्या वेळी मला वाटलं, मी चाचांना सांभाळून घेतेय. इंजिनिअर वही बघून हरखले. "हेच तर हवं होतं," म्हणाले. त्यांनी भराभर नियम बांधले आणि शेवटी एक परीक्षा ठरवली. कॅनवरचे क्रमांक कागद चिकटवून झाकायचे, ड्रायव्हर लोकांना कँटीनमध्ये बसवायचं, आणि चाचांनी एकट्यानं निर्णय द्यायचे. प्रयोगशाळेच्या तपासणीशी ते ताडून बघायचे. "म्हणजे यंत्राला नेमकं कुणाइतकं व्हायचंय, हे कळेल." व्यवस्थापक मला म्हणाले, "बाई, तुम्ही लांब उभ्या राहा. चाचांना तुमची सवय झालीय."

सकाळी मी चाचांना गाठून सांगितलं, आज रजा टाका, आजारी पडा, काहीही करा. ते म्हणाले, "बघू की."

धक्क्यावर ओळीनं कॅन मांडले होते. व्यवस्थापक, इंजिनिअर, दोन संचालक. मी दहा पावलांवर, खांबापाशी. चाचांनी पहिलं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि तसंच धरून उभे राहिले. रोज पापणी लवायच्या आत ठरवणारा माणूस हलेचना. मग त्यांनी झाकण खाली ठेवलं.

"साहेब, वास येत न्हाय."

इंजिनिअरनी कागदावर खूण केली. "म्हणजे चांगलं."

"दुधाचं म्हनत न्हाय मी. मला येत न्हाय. सा वर्सं झाली. ह्यात काय हाय मला ठावं न्हाय, आनि ठावं न्हाय ते टाकीत जाऊ देनार न्हाय."

व्यवस्थापकांचा चेहरा लाल झाला होता. "मग सहा वर्षं हे काम केलं कुणी?" आणि मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

माझ्याकडे उत्तर होतं. ईदपासून ते मी शंभर वेळा मनात घोळवलं होतं. काम आम्ही दोघांनी केलंय. चाचांना वास येत नाही, तसा तुमच्या यंत्रालाही येत नाही, पण चाचांना माणसं ओळखता येतात, तेव्हा त्यांना इथंच राहू द्या. एवढंच बोलायचं होतं. मी तोंड उघडलं. समोर दोन संचालक होते, आणि त्यांच्याच सहीनं मला ती खुर्ची मिळायची होती.

मी क्षणभर थांबले, आणि चाचाच बोलले. "बाईस्नी काय ठावं? त्या आपल्या शेजारी उभ्या ऱ्हायच्या."

व्यवस्थापक अजून माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली. नाही, असं ती मान म्हणाली.

चाचांना कॅन धुण्याच्या विभागात घातलं. माझी बढती झाली. धक्क्यावर काचेच्या पेटीत कॉम्प्युटर बसला आणि त्याच्यापुढे मी. पडद्यावर एकेक प्रश्न यायचा. गावात मयत? लग्न? यात्रा? रस्ता बंद? मी ड्रायव्हरला विचारून बटण दाबायचे. शेवटी प्रश्न यायचा, वास आहे की नाही, आणि ते उत्तर मी स्वतः हुंगून द्यायचे. मग यंत्र सांगायचं, टाकी की बाजूला. संचालक पाहुण्यांना आणून दाखवायचे.

आठवडाभरात ड्रायव्हर लोकांना कळलं की कुठल्याही प्रश्नाला व्हय म्हटलं की कॅन बाजूला जातो. त्या दिवसापासून सगळ्या तालुक्यांत ना कुणी मेलं, ना कुणाचं लग्न झालं. मयत? न्हाय. लग्न? न्हाय. रस्ता बंद? न्हाय बा. कपाळावर लग्नातलं कुंकू असलेला ड्रायव्हरसुद्धा मला न्हाय म्हणाला. मी इंजिनिअरना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की प्रश्न वाढवता येतील.

इतके दिवस माझं नाक होतं म्हणून निभावलं. मग एका सकाळी सर्दीनं माझं नाक पार बंद झालं. झाकणात तोंड घातलं तरी काही कळेना. दारात जोतिबाकडचा ट्रक, ड्रायव्हर सगळ्याला न्हाय म्हणून मोकळा झालेला, आणि पडदा वासाच्या प्रश्नावर अडलेला. तो उत्तर घेतल्याशिवाय पुढे जात नव्हता. मी पदर खोचला आणि मागच्या बाजूला, कॅन धुण्याच्या विभागात गेले. सहा महिन्यांत मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. समोरून चाचा दिसले तर मी फाइल उघडून चालायचे.

चाचा वाफेच्या नळावर कॅन पालथे घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"डायवर च्या प्याला का?"

"नाही."

"मग त्यो कशाला बोलंल? आदी च्या पाजा. घरचं इचारा. मग वाटंचं इचारा."

"बरं."

मी जायला वळले, पण पाय निघेना. वाफेचा आवाज मोठा होता. आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"चाचा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी हातातला कॅन खाली ठेवला आणि पहिल्यासारखं नीट माझ्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "बोलाय पायजे हुतं."

मग त्यांनी पुढचा कॅन उचलला.

"जावा आता. गाडी खोळंबलीया."